लाईट गेल्यावर किती मिनिटं हवीत? घरासाठी यूपीएस, राउटरचा बॅकअप आणि इन्व्हर्टर

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा पट्ट्यातल्या ४०० केव्हीच्या (अतिउच्च दाबाच्या) वाहिन्यांवर घोळ झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एका झटक्यात बंद पडली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. ठाण्यात आमच्या नौपाड्यातल्या घरात तेव्हा मुलाचा ऑनलाइन तास चालू होता, माझी ऑफिसची मीटिंग चालू होती आणि टेबलाखालचा ६०० व्हीएचा यूपीएस, म्हणजे लाईट गेली की बॅटरीवरून वीज देणारा डबा, बोंबलायला लागला. सातव्या मिनिटाला त्याने मान टाकली. घेताना दुकानदार म्हणाला होता, "साहेब, आरामात अर्धा तास जाईल." नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा कळलं की तो अगदीच खोटं बोलला नव्हता. नुसता एक साधा पीसी आणि एक मॉनिटर असता तर अर्ध्या तासाच्या आसपास गेला असता. मी त्यावर दोन मॉनिटर, स्पीकर, राउटर, मोबाइलचे दोन चार्जर आणि मुलाचा गेम खेळायचा पीसी लटकवला होता.

तेव्हापासून कोणी "कुठला यूपीएस घेऊ?" असं विचारलं की मी उलट विचारतो, "किती मिनिटं हवीत आणि त्या मिनिटांत काय करायचंय?" याचं उत्तर नक्की झाल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका. तिथे गेलं की व्हीए (यूपीएसची लोड उचलायची ताकद), एएच (अँपिअर-तास, बॅटरीतला साठा), प्युअर साइन (विजेची गुळगुळीत लहर) असे शब्द अंगावर येतात आणि माणूस गरजेपेक्षा मोठं किंवा गरजेला न पुरणारं काहीतरी घेऊन घरी येतो.

आधी आपल्या घरची लाईट ओळखा

माझी मेहुणी घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये राहते. तिथे सोसायटीचा जनरेटर आहे. लाईट गेली की पंधरा-वीस सेकंद, फार तर अर्धा मिनिट अंधार, मग तो डिझेल जनरेटर (डीजी) घरघरतो आणि फ्लॅटमधले ठरावीक पॉइंट चालू होतात. तिचं दुखणं त्या अर्ध्या मिनिटाचं आहे. पीसी बंद पडतो, राउटर पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि तेवढ्यात मीटिंगमधून नाव गळतं. तिला दोन मिनिटांचा पूल पुरतो. दीडशे एएचची बॅटरी तिच्या घरात नुसती जागा अडवेल.

नौपाडा, पाचपाखाडीच्या जुन्या इमारतींत आणि कोपरखैरण्याच्या रो-हाउसमध्ये गोष्ट वेगळी. जनरेटर नाही. जमिनीखालची केबल गेली तर खड्डा खणून जोड सापडेपर्यंत दोन-चार तास कुठेच जात नाहीत. शिवाय देखभालीसाठी ठरवून केलेले बंद असतात. महावितरणकडे तुमचा मोबाइल नंबर ग्राहक क्रमांकाशी जोडलेला असेल तर अशा बंदचा एसएमएस येतो. जोडलेला नसेल तर त्यांच्या ॲपवर आज जोडून टाका, यूपीएस नंतर घ्या. कळवा, मुंब्रा, दिवा या भागात मार्च २०२० पासून वितरण टोरंट पॉवरकडे आहे, त्यामुळे तिथल्या लोकांनी नंबर त्यांच्याकडे नोंदवायचा.

महिनाभर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा: लाईट कधी गेली, कधी आली. आमच्याकडच्या नोंदी पाहिल्यावर कळलं की बहुतेक वेळा ती मिनिटभराच्या आत परत येते आणि तासाच्या वर जाण्याचे प्रसंग पावसाळ्याच्या तोंडाशी एकवटलेले असतात. त्यामुळे आमच्या घरात दोन वेगळे उपाय लागले, एक मोठा उपाय नव्हे.

कोणाला बॅकअप लागतो, कोणाला नाही

लॅपटॉपच्या पोटात स्वतःची बॅटरी असते. त्याला यूपीएस लावणं म्हणजे छत्री धरून रेनकोट घालणं. ऐरोलीच्या आयटी पार्कात काम करणारा माझा भाचा आठवड्याचे तीन दिवस घरून काम करतो आणि लॅपटॉपवर करतो. त्याला फक्त राउटर आणि फायबरचा डबा (इंटरनेटची फायबर तार घरात ज्याला जोडतात तो) चालू ठेवायचे होते, आणि लोक त्याला इन्व्हर्टर घ्यायला सांगत होते.

डेस्कटॉप, बाहेरच्या हार्ड डिस्कवर चालणारं स्टोरेज, सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) यांना यूपीएस खरा लागतो, कारण लिहिता लिहिता वीज गेली तर डिस्कवरचा मजकूर बिघडू शकतो. टीव्हीला बॅकअपची गरज नाही, चांगल्या स्पाइक गार्डची आहे. फ्रिज यूपीएसला लावायचा विचारही करू नका. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचतो. तसंही दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण चार तास गारवा धरून ठेवतो. मुलांना तेवढं सांगून ठेवा. लेझर प्रिंटरचंही तसंच. आतला रोलर तापवताना तो अचानक मोठा लोड घेतो आणि छोटा यूपीएस तिथेच ओव्हरलोड होऊन बंद पडतो. प्रिंटर नेहमी भिंतीच्या सॉकेटला.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर तो विषय या लेखातल्या काटकसरीबाहेरचा समजा. पाच लिटरचं मशीन साधारण ३०० ते ३५० वॉट घेतं आणि तासन्‌तास चालावं लागतं. त्याला पुरेसा मोठा इन्व्हर्टर हवा, मशीनच्या कंपनीला विचारून, आणि तरीही एक भरलेला सिलिंडर घरात हवाच.

वॉट मोजा

प्रत्येक अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरात 'आउटपुट १२ व्होल्ट १.५ अँपिअर' असं काहीतरी असतं. दोन्हींचा गुणाकार केला की १८ वॉट. ही कमाल मर्यादा झाली, प्रत्यक्षात उपकरण त्याहून कमी घेतं. नेमका आकडा हवा असेल तर सॉकेटमध्ये बसवायचा छोटा वॉटमीटर किंवा वीज मोजणारा स्मार्ट प्लग मिळतो. एकदा घेतला की सगळ्या बिल्डिंगमध्ये फिरतो, आमचा सध्या तिसऱ्या मजल्यावर आहे.

अंदाज म्हणून: राउटर ६ ते १२ वॉट, फायबरचा डबा ५ ते १०, चोवीस इंची मॉनिटर २० ते २५, ऑफिसच्या कामाचा डेस्कटॉप ६० ते १५०, ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग पीसी खेळताना ३०० च्या वर. साधा पंखा ७०-७५, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास, एलईडी बल्ब ९. डीव्हीआर आणि चार कॅमेरे मिळून ३०-४०.

आता खोक्यावरचा आकडा. '६०० व्हीए' लिहिलेला घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॉटपर्यंतच लोड उचलतो. व्हीए मोठा दिसतो म्हणून तो ठळक छापतात, वॉट मागच्या बाजूला शोधावे लागतात. तुमची बेरीज त्या वॉटच्या साठ-सत्तर टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे. म्हणजे ३६० वॉटच्या यूपीएसवर २२०-२५० च्या पुढे जाऊ नका.

पण लोड उचलणं वेगळं आणि किती वेळ उचलणं वेगळं. वेळ बॅटरी ठरवते. ६०० व्हीएच्या डब्यात बहुधा १२ व्होल्ट ७ एएचची एकच बॅटरी असते. १२ गुणिले ७, म्हणजे ८४ वॉट-तास. हे कागदावरचं. लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता मोजताना ती वीस तास धरून हळूहळू रिकामी केलेली असते. आपण ती वीस मिनिटांत पिळतो, तेव्हा ती तितकी देत नाही. वर यूपीएस स्वतः काही वीज खातो. हाती लागतात साधारण ३५ ते ४० वॉट-तास, तेही बॅटरी नवी आणि लोड शंभर वॉटच्या आसपास असेल तर. शंभर वॉटच्या लोडला वीस-पंचवीस मिनिटं, दोनशेला आठ-नऊ, तीनशेला चार-पाच. लोड दुप्पट केला की वेळ निम्म्याहूनही कमी होतो. आमच्या सातव्या मिनिटाचं कोडं इथेच सुटतं.

मोठा व्हीए म्हणजे जास्त वेळ, हा गैरसमज त्यामुळेच फसवतो. १००० व्हीएच्या डब्यात जर बॅटरी एकच ७ एएचची असेल तर तुमच्या शंभर वॉटला वेळ जवळपास तेवढाच मिळणार. विकत घेताना विचारायचा प्रश्न: "आत बॅटरी किती एएचची आणि किती नग?"

यूपीएसचे प्रकार, जेवढे लागतात तेवढे

स्टँडबाय प्रकार सगळ्यात स्वस्त. लाईट असताना भिंतीची वीज तशीच पुढे देतो, गेली की बॅटरीवर उडी मारतो. लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकारात व्होल्टेज वर-खाली सांभाळणारा ट्रान्सफॉर्मर असतो. आपला पुरवठा २३० व्होल्टचा म्हणतात, पण जुन्या वाडीत उन्हाळ्याच्या रात्री सगळ्यांचे एसी चालू झाले की तो घसरतो. लाइन-इंटरॅक्टिव्ह तेवढ्यासाठी बॅटरीला हात लावत नाही, जागच्या जागी व्होल्टेज उचलतो. त्यामुळे बॅटरी टिकते. घरच्या पीसीला हाच घ्या. तिसरा ऑनलाइन प्रकार, जो भिंतीची वीज सतत एसीची डीसी आणि पुन्हा एसी करून देतो, तो महाग, गरम आणि पंख्याचा आवाज करणारा. ज्याला खरंच लागतो त्याला सांगावं लागत नाही.

बदलाचा वेळ, म्हणजे भिंतीच्या विजेवरून बॅटरीवर जायला लागणारा वेळ, हा मुद्दा विक्रेते ताणून सांगतात. पीसीचा चांगला पॉवर सप्लाय वीज तुटल्यावर पूर्ण लोडवरही साधारण १६ मिलीसेकंद तग धरतो. यूपीएस दहाच्या आत बदलतो. प्रश्न मिटला.

साइन वेव्हचा मुद्दा मात्र खरा आहे. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना पायऱ्या-पायऱ्यांची लहर देतो. राउटर, मॉनिटर, साधे पीसी ती चालवून घेतात. पण '८० प्लस'चा (वीज कमी वाया घालवण्याचा) शिक्का असलेल्या पॉवर सप्लायमध्ये बहुधा ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं आणि त्यातले काही या लहरीवर गुरगुरतात, काही सरळ बंद पडतात. लाईट असताना सगळं छान आणि जाताक्षणी पीसी काळा, असं होत असेल तर बॅटरीला दोष देण्याआधी हे तपासा. असा पीसी असेल तर प्युअर साइन वेव्हच घ्या.

एक सोय आवर्जून मागा: यूएसबीचं पोर्ट. यूपीएस यूएसबीने पीसीला जोडला की विंडोज त्याला लॅपटॉपच्या बॅटरीसारखं ओळखतं आणि चार्ज उतरला की स्वतःच हायबरनेट होतं. तुम्ही जांभळी नाक्यावर भाजी घेत असताना लाईट गेली तरी फाइल वाचते. इथे स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच मॉडेलमध्ये हे पोर्टच नसतं, खोक्यावरच्या फोटोत मागची बाजू बघून घ्या.

राउटर: सगळ्यात कमी खर्च, सगळ्यात जास्त सुख

यावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण बहुतेक घरांची गरज इथेच संपते.

राउटर आणि फायबरचा डबा मिळून १५ वॉटच्या आसपास घेतात. त्यांना मोठा यूपीएस लावला तर होतं काय? बॅटरीची १२ व्होल्ट डीसी वीज यूपीएस २३० व्होल्ट एसी करतो, मग राउटरचा अडॅप्टर ती पुन्हा १२ व्होल्ट डीसी करतो. ठाण्याहून मुलुंडला कल्याणमार्गे जाण्यासारखं. त्यात काही यूपीएस इतका कमी लोड पाहून समजतात की काहीच जोडलेलं नाही, आणि पाच-दहा मिनिटांत स्वतःला बंद करून घेतात. भाच्याने पहिल्यांदा हाच अनुभव घेतला आणि चांगला यूपीएस बिघडलाय म्हणून परत करायला निघाला होता.

यासाठी राउटरचा मिनी यूपीएस मिळतो. हातात मावणारा डबा, आत लिथियमचे सेल, थेट १२ व्होल्ट डीसी बाहेर. घेताना या क्रमाने जा.

पहिलं, दोन्ही उपकरणांच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा. बहुतेक १२ चे असतात, पण काही ९ किंवा ५ व्होल्टचे असतात. ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिले तर तो जळू शकतो. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअर मात्र मिनी यूपीएसचे राउटरपेक्षा जास्त असले तर चालतात, कमी चालत नाहीत. दोन उपकरणं जोडायची असतील तर दोघांच्या अँपिअरची बेरीज धरा.

दुसरं, पिन. गोल पिनचा बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर आणि आतलं भोक २.१ किंवा २.५ मिलिमीटर. २.१ च्या जागी २.५ ची पिन बसते, पण सैल राहते आणि राउटर मधूनच डुलकी घेतो. शिवाय अडॅप्टरवर वर्तुळाचं छोटं चित्र असतं, त्यात मध्यभागी अधिक चिन्ह आहे ना ते मिनी यूपीएसच्या चित्राशी ताडून बघा.

तिसरं, एमएएचच्या (मिली-अँपिअर-तास, एएचचा हजारावा भाग) मोठ्या आकड्याला भुलू नका. हा आकडा सेलच्या ३.७ व्होल्टवर सांगितलेला असतो. ८००० एमएएच म्हणजे ८ गुणिले ३.७, साधारण ३० वॉट-तास. रूपांतरातली गळती वजा जाता पंचवीस. तुमच्या १५ वॉटला दीड तासाच्या थोडं वर. चार तास हवे असतील तर कागदावर ७०-८० वॉट-तास दिसले पाहिजेत.

चौथं, हे कोणी सांगत नाही. काही मिनी यूपीएस भिंतीला थेट लागत नाहीत, राउटरचा मूळ अडॅप्टरच त्यांच्या पाठीत खोचायचा असतो. तो अडॅप्टर १ अँपिअरचा असेल तर राउटर चालवणं आणि बॅटरी भरणं दोन्ही त्याला झेपत नाही. मग बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही आणि आपण म्हणतो माल खराब. २ अँपिअरचा चांगला अडॅप्टर लावा.

सगळं लावून झालं आणि लाईट गेल्यावर वायफाय आहे पण इंटरनेट नाही, असं झालं तर? फायबरच्या डब्यावरचा 'एलओएस'चा (सिग्नल तुटल्याचा) दिवा बघा. तो लाल असेल तर दोष बहुधा तुमच्या घरात नाही. काही केबलवाल्यांचा स्विच तुमच्याच बिल्डिंगच्या जिन्यात किंवा गच्चीवरच्या पेटीत असतो, आणि लाईट गेली की तोही झोपतो. आमच्याकडे तसंच होतं. केबलवाल्याला सांगून सांगून थकल्यावर चार मजल्यांनी वर्गणी काढली आणि त्या पेटीत एक छोटा यूपीएस बसवून घेतला. ज्या जोडणीत मध्ये वीज लागणारं काही नसतं, नुसते काचेचे फाटे असतात, तिथे हा त्रास होत नाही. जोडणी घेतानाच विचारा, "दादा, मध्ये कुठे स्विच आहे का? त्याला बॅकअप आहे का?"

तासांचा प्रश्न असेल तर इन्व्हर्टर

दोन पंखे, चार बल्ब, इंटरनेट आणि लॅपटॉप तीन-चार तास चालवायचे, तर मामला इन्व्हर्टरचा. साधे पंखे धरले तर बेरीज अडीचशे वॉटच्या आसपास येते. १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी (इन्व्हर्टरची मोठी, पाणी घालावी लागणारी लेड-ॲसिड बॅटरी) १२ व्होल्टला १८०० वॉट-तासांची. तिचे ऐंशी टक्केच वापरायचे आणि इन्व्हर्टर त्यातले ऐंशी टक्केच पोचवतो असं धरा, तर साडेअकराशे उरतात. म्हणजे साडेचार तास. तेच पंखे बीएलडीसी असतील तर साडेसहा-सात तास. नवीन बॅटरीच्या आधी पंखे बदलायचा विचार करा, बिलातही दिसेल.

इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा खटका असतो, 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असा. डेस्कटॉप जोडलेला असेल तर तो 'यूपीएस'वर हवा, नाहीतर बदलाला इतका वेळ लागतो की पीसी रीस्टार्ट होतो. फक्त या मोडमध्ये तो व्होल्टेजबद्दल नाजूक होतो. तुमच्याकडे व्होल्टेज नेहमी पडत असेल तर वारंवार बॅटरीवर जाईल. मग खटका 'नॉर्मल'ला आणि पीसीला वेगळा छोटा यूपीएस, ही जोडी बरी.

वायरिंग स्वतः करू नका. इलेक्ट्रिशियनला दिवे, पंखे आणि एक-दोन ६ अँपिअरचे सॉकेट एवढ्याचीच वेगळी लाइन काढायला सांगा. गीझर, एसी, इस्त्री, मिक्सर, इंडक्शन त्या लाइनवर चुकूनही येता कामा नयेत. इन्व्हर्टर बसल्यावर आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका) विनाकारण ट्रिप व्हायला लागला तर बहुधा दोन लाइनींचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेत. "साहेब, तो काढूनच टाकू" असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजून घरी पाठवा आणि दुसरा माणूस बोलवा. तो आरसीसीबी शॉक लागल्यावर जीव वाचवतो.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असलेले इन्व्हर्टर आता सर्रास मिळतात. महाग असतात, पण पाणी घालावं लागत नाही, वास नाही, जागा कमी आणि चार्जिंग लवकर. ठाण्यातल्या वन-बीएचकेत साठ किलोची ट्युब्युलर बॅटरी कुठे ठेवायची हा प्रश्नच मोठा असतो, तिथे जास्तीचे पैसे वसूल होतात. जुन्या इन्व्हर्टरला नुसती लिथियम बॅटरी जोडू नका. चार्जरला तो प्रकार कळत असेल तरच.

दुकानात

खोक्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घालून तिथेच उभ्या उभ्या पडताळा. यूपीएसची आणि बॅटरीची वॉरंटी वेगवेगळी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. बॅटरी किती जुनी आहे ते बघा. सहा-आठ महिने गोदामात न भरता पडलेली लेड-ॲसिड बॅटरी नवी असूनही म्हातारी असते. दुकानात मल्टीमीटर असेल तर लावायला सांगा. १२.४ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर दुसरा नग मागा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दोन-तीनशे रुपये वाचतात, पण बॅटरी बिघडल्यावर ती घेऊन सँडहर्स्ट रोडचे जिने चढायची तयारी असेल तरच जा. मी आता गोखले रोडवरच घेतो.

लावताना

आधी अर्थिंग. जुन्या इमारतींत तीन पिनांचे सॉकेट असतात आणि तिसऱ्या भोकात वायरच नसते. यूपीएसमधलं सर्ज (व्होल्टेजची अचानक उसळी) संरक्षण अर्थिंगवर अवलंबून असतं, तिथे वायर नसेल तर ते शोभेचं. पीसीच्या लोखंडी डब्याला हात लावल्यावर मुंग्या येतात का? मग अर्थिंग नाही. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा, ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. हे करून मग पुढे.

नवा यूपीएस आणल्या आणल्या लोड लावू नका. भिंतीला जोडून रात्रभर चार्ज होऊ द्या. भिंतीच्या सॉकेटलाच जोडा, एक्स्टेन्शन बोर्डला नाही. यूपीएसच्या मागच्या सॉकेटमध्ये स्पाइक गार्ड किंवा दुसरा यूपीएसही लावू नका. त्या सॉकेटपैकी काही फक्त सर्जपुरते असतात, त्यांना बॅटरी नसते. पीसी चुकून त्यात गेला तर लाईट जाताच बंद पडेल.

दुसऱ्या दिवशी चाचणी. सगळी कामं सेव्ह करा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. प्लग उपटू नका, बटण बंद केलं तरी अर्थची वायर जोडलेली राहते, प्लग काढल्यावर तीही सुटते. घड्याळ लावा. किती मिनिटांनी जलद पीप-पीप सुरू होतं ते कागदावर लिहून डब्यालाच चिकटवा, तारखेसकट. पूर्ण बंद पडेपर्यंत थांबू नका. मेहुणीसारखं डीजी असलेलं घर असेल तर सोसायटीच्या पुढच्या जनरेटर चाचणीच्या वेळी बघा, तो सुरू झाल्यावर यूपीएस बॅटरीवरून परत येतो का. काहींना जनरेटरची हेलकावे खाणारी वीज पटत नाही आणि ते बॅटरीवरच बसून राहतात, मग वीस मिनिटांनी मरतात. अशा वेळी संवेदनशीलता कमी करायची सोय मॅन्युअलमध्ये शोधा.

आवाज बंद करायचं बटण कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवा. रात्री अडीचला शेजारच्या काकू दार वाजवायच्या आत.

पावसाळा आणि देखभाल

खाडीच्या कडेची हवा बॅटरीच्या टर्मिनलला मानवत नाही. ट्युब्युलर बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी धरते, ती कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने पुसून, कोरडं करून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा. त्याआधी इन्व्हर्टर बंद करा आणि हातातली अंगठी, बांगडी, कडं काढून ठेवा. पान्याने दोन्ही टर्मिनल एकदम टेकली तर ठिणगी नव्हे, वेल्डिंग होतं.

पाणी दोन-तीन महिन्यांनी तपासा. फक्त डिस्टिल्ड वॉटर. एसीतून ठिबकणारं पाणी "शुद्धच असतं की" म्हणून घालणारे लोक मला माहीत आहेत, त्यात धूळ आणि धातूचे कण असतात. निशाणीच्या वरपर्यंत भरू नका, चार्जिंगच्या वेळी ॲसिड उतू जातं. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून बॅटरी बंद कपाटात, पलंगाखाली किंवा देव्हाऱ्याच्या दिव्याजवळ नको. ड्राय बाल्कनीत ठेवत असाल तर पावसाची झड येणार नाही असा कोपरा बघा. तळमजल्याला असाल तर फूट-दीड फूट उंच लोखंडी स्टँड करून घ्या. पाणी तुंबणाऱ्या वंदना डेपोच्या आसपास राहणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही.

उष्णता हा मोठा शत्रू. बंद प्रकारच्या लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं आणि त्यावर दर आठ-दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं. टेबलाखाली पीसीच्या गरम हवेच्या झोतात ठेवलेला यूपीएस दोन वर्षांत का मरतो, याचं उत्तर ते. चार बोटं मोकळी जागा सोडा. गावी महिनाभर जाताना पूर्ण चार्ज करून मगच बंद करा. रिकामी पडून राहिलेली बॅटरी परत उठत नाही.

जूनच्या पहिल्या पावसात आणि ऑक्टोबरमध्ये विजा कडाडतात तेव्हा यूपीएसवर भिस्त ठेवू नका. प्लग काढा, डिश अँटेनाची केबलही काढा.

दर सहा महिन्यांनी वरची बटणाची चाचणी त्याच लोडवर करा. चिकटवलेल्या कागदावरच्या मिनिटांपेक्षा निम्मी भरली की बॅटरी बदला. बहुधा दोन ते तीन वर्षांनी ही वेळ येते. ७ एएचची बॅटरी स्वतः बदलता येते: यूपीएस बंद, प्लग बाहेर, झाकण उघडा, लाल वायर अधिकला आणि काळी उणेला, काढण्याआधी मोबाइलवर फोटो. बॅटरी फुगली असेल तर जोर लावून ओढू नका, दुकानात न्या.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, ओल्या कचऱ्याबरोबर तर अजिबात नको, आत शिसं आणि ॲसिड असतं. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि डीलर त्या परत घेतात. ट्युब्युलर बॅटरीचे तर वजनावर पैसे मिळतात. नवीन बॅटरीचा भाव ठरवतानाच "जुनीचे किती धरणार?" हे विचारा, बिल झाल्यावर विचारलंत तर उत्तर बदलतं.